एकोणपन्नास तिकडे, एक इकडे

चिऱ्यांचा गडगा आमच्या हद्दीत की बापूकाकांच्या, हे दोन मोजण्या होऊनही ठरलेलं नाही. त्यामुळे तो कोणी पाडत नाही आणि त्याची डागडुजीही कोणी करत नाही. त्यांच्या बाजूला काजू, माझ्या बाजूला शेवगा, आणि मधे कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेले तीन चिरे. कणकवलीत पेपर सकाळी सातला येतो. त्याच्या आधीची आवृत्ती या तीन चिऱ्यांवर निघते.

पाच महिने लेकीकडे मिनेसोटाला राहून मी परवा परत आले. झोपेचं वेळापत्रक अजून तिकडचंच, म्हणून पहाटेच अंगणात उतरले, तर पलीकडे बापूकाका हाताला खोबरेल चोपडून ओले काजूगर सोलत बसलेले.

"आलीस? आम्हाला वाटलं, बर्फात रुतलीस."

"रुतलेच होते. उन्हाळा लागला म्हणून सुटले."

"तिथे म्हणे तळी गोठतात आणि त्यावरून गाड्या नेतात?"

"गाड्या नेतात, वर खोपटी बांधतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडून बसतात. वॉलाय नावाचा मासा मिळतो."

"चवीला?"

"काट्याचा त्रास नाही. चवीचाही नाही."

काकांचं समाधान झालं. मूठभर काजूगर त्यांनी केळीच्या पानावर घालून गडग्यावरून सरकवले. आता खरा विषय येणार, हे मला ठाऊक होतं. बापूकाका हायस्कुलात गणित शिकवायचे आणि निवडणूक आली की त्यांना कामाला जुंपलं जायचं, कधी केंद्रावर, कधी मोजणीला. मतमोजणी हा त्यांचा धर्मच. "ऑक्टोबरात गेलीस म्हणजे तिथली निवडणूक तुझ्या डोळ्यांसमोर झाली. काय पाहिलंस ते सांग."

"पाट्या पाहिल्या. कुणाला मत देणार त्याची पाटी लोक अंगणात रोवतात. विचारायचं कामच नाही."

"उघड?" काकांचा हात थांबला. "अगो, मत म्हणजे काय सत्यनारायणाचं आमंत्रण आहे?"

लेकीच्या शेजारी एक आजोबा राहतात. मूळ नॉर्वेचं घराणं, पण तिसरी पिढी तिथलीच. तिकडे गडगा नसतो, दोन घरांच्या मधे नुसतं गवत. टेकायला काही नाही म्हणून बिचारे बर्फाच्या फावड्यावर टेकून बोलतात. माझं इंग्रजी टपाल खात्यातलं, म्हणजे 'रजिस्टर्ड', 'इन्शुअर्ड' आणि 'ॲड्रेसी लेफ्ट'. त्यांचं बोलणं सावकाश, मोजकं. आमचं चांगलं जमलं. 2024 च्या त्या निवडणुकीत त्यांच्याच राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर टिम वॉल्झ उपराष्ट्रपतिपदाला उभे होते. राज्याने त्यांच्या बाजूने मत दिलं, देशाने पाडलं. मी आपली समजूत घालायला गेले, तर आजोबा म्हणाले, "आम्हाला सवय आहे. आम्ही 84 साली याहून मोठं बघितलंय." मग फावडं टेकवून त्यांनी जे सांगितलं, ते मी काकांसाठी बांधून आणलं होतं.

"6 नोव्हेंबर 1984," मी म्हटलं. "राष्ट्राध्यक्षपदाला रेगन विरुद्ध मॉन्डेल."

"तेव्हा आपलं कुणाचं लक्ष होतं तिकडे? इंदिराबाई जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता."

"म्हणून तर आपल्याला माहीत नाही. काका, पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं रेगनच्या पदरात. मॉन्डेलला एकटं मिनेसोटा, आणि राजधानी वॉशिंग्टन. तिथे राज्यागणिक प्रतिनिधी ठरलेले असतात ना, ते मोजायचे. रेगनला 525, मॉन्डेलला 13. त्यातले दहा मिनेसोटाचे, तीन राजधानीचे."

"म्हणजे ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला ते दहाच्या दहा?"

"दहाच्या दहा."

"मग हे मिनेसोटाचे लोक फारच तत्त्वाचे म्हणायचे. सगळा देश एका बाजूला वाहतोय आणि हे आपले खांबाला धरून उभे!"

"किती मतांनी उभे होते, ओळखा."

काकांनी अंदाज केला. दोन लाख. मग एक लाख. मग माझ्या तोंडाकडे बघून पन्नास हजार.

"3,761."

"मतदान किती?"

"वीस लाख चौऱ्यांशी हजार."

काजूची बी खाली पडली. काकांचे ओठ हलायला लागले. तोंडी हिशेब करताना ते अजून वर्गात उभे असल्यासारखे दिसतात. "टक्क्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. आणि सरळ लढत असेल तर निम्म्यांनी मन बदललं की खेळ उलटा. म्हणजे 1,881 माणसं. एवढ्यांनी हात इकडचा तिकडे केला असता तर पन्नासपैकी पन्नास!"

"आणि राज्यात काउंट्या 87. काउंटी म्हणजे आपला तालुका म्हणा. तालुक्याला किती पडली?"

"त्रेचाळीस. अगो, बारशाच्या पंगतीला याहून जास्त पानं असतात!"

मॉन्डेलला 10,36,364 आणि रेगनला 10,32,603, हे आकडे मी लेकीकडून कागदावर लिहून आणले होते. ते दाखवल्याशिवाय काका मानणार नव्हते, आणि दाखवल्यावर त्यांनी वजाबाकी पुन्हा करून पाहिलीच.

एवढ्याशा फरकामुळे रेगनच्या माणसांची काय चडफड झाली असेल! शेवटच्या दोनतीन दिवसांत रेगन मुद्दाम मिनेसोटातल्या रॉचेस्टरला उतरून गेले होते. सगळं घर सारवून झालंय, तेवढा एक कोनाडा राहिलाय, अशी त्यांची गत. निवडणुकीनंतर नाताळात कुणीतरी विचारलं, भेट म्हणून काय हवं, तर म्हणाले, मिनेसोटा मिळालं असतं तर बरं झालं असतं. नट माणूस, शब्द कसा टाकावा ते बरोबर कळायचं. वाद-विवादात त्यांच्या वयाचा मुद्दा आला. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते आणि मॉन्डेल छप्पन्नचे. तर रेगन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, माझ्या प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव मी प्रचाराचा विषय करणार नाही. सगळे हसले. मॉन्डेलसुद्धा हसले.

"तिथेच हरला तो," काका म्हणाले. "समोरच्याच्या विनोदाला हसायचं नसतं. निदान टीव्हीवर."

"त्याआधीच हरले होते. पक्षाच्या अधिवेशनात उभं राहून सांगितलं, कर रेगनही वाढवतील आणि मीही वाढवेन, फरक एवढाच की मी तुम्हाला आत्ताच सांगतोय."

काका थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पाळणा म्हणायला आलेल्या बाईने बाळाच्या पत्रिकेतला मंगळ सांगावा, तसं झालं हे. खरं असेल, पण बोलायचं कशाला?"

एवढ्यात काकी आतून चहा घेऊन आल्या. काकींना राजकारणाचं वावडं, पण कान दोन्ही बाजूला. "मगे? त्या एका गावान तेका मत कित्याक घातलां?" त्यांनी विचारलं. (गाव म्हणजे राज्य. काकींच्या भूगोलात गोव्याच्या पलीकडे सगळी गावंच.)

"घरचा माणूस म्हणून," काका म्हणाले. "दुसरं काय."

हे उत्तर मीही आजोबांना दिलं होतं. मॉन्डेल तिथलेच. जन्म 1928 चा, आणि जन्मगावाचं नाव ऐकून काकांना ठसका लागला. सिलोन! मिनेसोटाच्या दक्षिणेला शेतांत हरवलेलं इवलंसं गाव, नाव सिलोन. "बुधवारी रात्री रेडिओवर गाणी लागायची का तिथे?" काकांनी विचारलं. बाप मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक, बापाकडचं घराणं मूळ नॉर्वेचं. पोरगा पुढे राज्यातून सिनेटवर गेला, मग जिमी कार्टरबरोबर चार वर्षं उपराष्ट्रपती झाला. 1980 साली कार्टर-मॉन्डेल जोडी पडली, तेव्हाही मिनेसोटाने साथ सोडली नव्हती. रेगनना मिनेसोटा कधीच मिळालं नाही.

"पण काका, घरचा माणूस एवढ्यावर भागत नाही. 1972 साली निक्सननेही एकोणपन्नास राज्यं घेतली होती. समोरचे मॅकगव्हर्न साउथ डकोटाचे, मिनेसोटाला लागूनच आहे. त्यांना मिळालं मॅसॅच्युसेट्स. स्वतःचं साउथ डकोटा मिळालं नाही. 1936 साली लँडन म्हणून एक होते, कॅन्सासचे गव्हर्नर. त्यांना मेन आणि व्हर्मॉन्ट ही दोनच राज्यं मिळाली, कॅन्सास नाही."

"स्वतःच्या वाडीने पाडलं?"

"स्वतःच्या वाडीने."

काकी म्हणाल्या, वाडीच पाडता, भायले कशाक पाडतीत. यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं.

मला विचाराल तर मिनेसोटाचं एक कारण मॉन्डेलच्या पक्षाच्या नावातच आहे. बाकी देशात बहुतेक ठिकाणी डेमोक्रॅटिक पक्ष असं नुसतं म्हणतात. मिनेसोटात त्याच पक्षाचं नाव डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर. फार्मर-लेबर हा तिथला वेगळा, तगडा पक्ष होता, 1944 साली दोघांचं लग्न लागलं आणि आडनावं दोन्हींची ठेवली.

"फार्मर म्हणजे शेतकरी, लेबर म्हणजे कामगार," काका बोटांवर मोजत म्हणाले, आणि एकदम गडग्यावर थाप मारली. "अगो, हा तर शेकाप! मिनेसोटात शेकाप! चौऱ्यांशीच्या लाटेत आमच्या बाजूलाही कुलाब्यात शेकापच निवडून आला होता, आहे लक्षात?"

मला लक्षात नव्हतं, पण मी मान हलवली. काकांचा हा आनंद मोडवेना.

आणि कामगार म्हणजे कोण, तर उत्तरेकडचे खाणकामगार. तिथे लोहखनिजाची लांबच लांब पट्टी आहे, आयर्न रेंज म्हणतात. लेकीने गाडीतून हिबिंगला नेलं होतं. खाणीच्या काठावर उभी राहिले तर मला आपलं रेडी आठवलं. तसाच तांबडा धुरळा, तशीच चपलेला लागणारी माती. फक्त रेडीची खाण त्या खड्ड्याच्या एका कोपऱ्यात मावेल. खनिज दुलुथ बंदरातून सुपीरियर सरोवरात, तिथून बोटींनी पोलादाच्या कारखान्यांकडे. ऐंशी सालानंतर अमेरिकेतलं पोलाद मंदावलं तशा खाणी थंडावल्या, माणसं घरी बसली. दक्षिणेला शेतकरी कर्जात. रेगनच्या जाहिराती टीव्हीवर सांगत होत्या की अमेरिकेत पुन्हा सकाळ झाली आहे. हिबिंगमधल्या माणसाला ती कशी दिसावी? त्याची पाळीच बंद होती, सकाळी उठून जायचं कुठे?

"हं. हे पटतं," काका म्हणाले. "म्हणजे तत्त्वाचं आणि पोटाचं."

"थांबा, अजून एक गंमत आहे. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर मिनेसोटातून सिनेटची जागाही होती. तिथे कोण आलं? रेगनच्याच पक्षाचे रूडी बॉशविट्झ. तेही 58 टक्के मतं घेऊन!"

काका खुर्चीवरून उठलेच. "ह्याचा अर्थ काय? त्याच माणसाने वर एका पक्षावर आणि खाली दुसऱ्या पक्षावर?"

"लाखो जणांनी. आमच्या आजोबांनीसुद्धा."

आजोबांनी हे सांगताना जराही आढेवेढे घेतले नव्हते. बॉशविट्झला मत का, तर माणूस ओळखीचा. प्लायवूडचं दुकान काढून मोठा झालेला, चौकड्याचा शर्ट घालून हिंडणारा. दर उन्हाळ्याच्या शेवटी तिथे राज्याची मोठी जत्रा भरते, आपल्या आंगणेवाडीसारखी म्हणा, फक्त देवी नाही आणि गाई फार. त्या जत्रेत बॉशविट्झचा स्वाद घातलेल्या दुधाचा ठेला असायचा. आजोबांची पोरं त्याचं दूध पिऊन वाढली. मग त्याला कसं पाडायचं?

"आणि मॉन्डेलला मत का?" मी विचारलं होतं. मला वाटलं, आता खाणी येतील, शेतकरी येतील.

आजोबांनी फावडं या हातातून त्या हातात घेतलं. म्हणाले, हॉटडिशमुळे.

हॉटडिश म्हणजे तिथला घरोघरीचा पदार्थ. खिमा, मटार नाहीतर घेवडा, डब्यातलं मशरूम सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, आणि सगळं भट्टीत. दिसायला आपल्या कुठल्याच पदार्थासारखा नाही. आजोबांचा विचार रेगनला मत द्यायचा होता. पण त्यांची बायको नर्स. मॉन्डेलने उपराष्ट्रपतिपदासाठी बाई घेतली होती, न्यूयॉर्कची जेराल्डिन फेरारो. दोन मोठ्या पक्षांपैकी कुणी बाईला त्या जागी उभं करण्याची ती पहिलीच वेळ, आणि ती घोषणा झाली जुलैत, मिनेसोटाच्याच राजधानीत, सेंट पॉलला. बायको ती बघायला रजा काढून गेली होती. आल्यावर नवऱ्याला म्हणाली, ह्या बाईच्या विरुद्ध मत दिलंस तर नोव्हेंबरपासून तुझी हॉटडिश तू कर.

"आणि दिलं?"

"दिलं. 3,761 मधलं एक मत हॉटडिशचं."

काकी हसून हसून पायरीवर बसल्या. पण त्या फेरारोचं पुढे काय झालं, हे ऐकून त्यांचा चेहरा पालटला. बाई उभी राहिली आणि सगळे तिच्या नवऱ्याची हिशेबाची वही उघडून बसले. त्याने कर किती भरला, त्याची घरं किती, भाडेकरू कोण. ऑगस्टचा महिना त्यातच गेला. मिसिसिपीत एका म्हाताऱ्या मंत्र्याने तर विचारलं, तुम्हाला ब्लूबेरीचे मफिन करता येतात का? ती म्हणाली, मला येतात. तुम्हाला येतात का?

"शाबास!" काकी म्हणाल्या. आणि काकांकडे बघून, "तुमका चाय येता?" काका काजूगर सोलण्यात गढून गेले.

मॉन्डेलची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. हरल्यावर त्यांनी मॅकगव्हर्नना विचारलं होतं म्हणे, हे दुखायचं कधी थांबतं? बारा वर्षांपूर्वी हरलेले मॅकगव्हर्न म्हणाले, थांबलं की कळवतो. पुढे मॉन्डेल जपानला राजदूत झाले, वकिली केली. आणि 2002 साली मिनेसोटाचे सिनेटर पॉल वेलस्टोन मतदानाला अकरा दिवस असताना विमान अपघातात गेले. ऐनवेळी कुणाला उभं करायचं? चौऱ्याहत्तर वर्षांच्या मॉन्डेलना पक्षाने साकडं घातलं. ते उभे राहिले, आणि दोन टक्क्यांनी पडले. नॉर्म कोलमन निवडून आले.

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. पण ते बेरीज करत होते. "चौऱ्यांशीला एकोणपन्नास, आणि हे उरलेलं एक. म्हणजे पन्नासच्या पन्नास राज्यांत हरलेला माणूस!"

"असा दुसरा नाही म्हणतात."

"अरेरे. तेवढं एक राखायचं होतं त्यांनी त्याच्यासाठी."

"पण कोलमनचं ऐका. सहा वर्षांनी तेच कोलमन अल फ्रँकनसमोर 312 मतांनी पडले. मोजणी, फेरमोजणी, कोर्ट. निकाल लागायला आठ महिने."

"आठ महिने मोजणी!" काकांच्या डोळ्यांत जे आलं, त्याला मी हेवाच म्हणेन.

राष्ट्राध्यक्ष निवडताना मिनेसोटाने मात्र नंतरही पक्ष सोडला नाही. दुसऱ्या बाजूला शेवटचे गेले ते 1972 ला, निक्सनबरोबर. 1976 पासून 2024 पर्यंत दर खेपेला डेमोक्रॅटिक, एकही खाडा नाही. डेमोक्रॅटिक पक्षाची इतकी अखंड माळ दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. बाहेरच्यांना वाटतं, काय निष्ठेचं राज्य! आणि त्या माळेत चौऱ्यांशीचा मणी हा असा, तालुक्यामागे त्रेचाळीस मतांच्या दोऱ्यावर. आजोबा शेवटी म्हणाले होते, "आता आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, प्रत्येकाने त्या वर्षी मॉन्डेललाच मत दिलं होतं. मग रेगनची दहा लाख मतं घालून गेलं कोण?"

हे ऐकलं आणि काका जे हसायला लागले, ते थांबेचनात. "आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? त्याच वर्षी डिसेंबरात आपली लोकसभा. देशात काँग्रेसला चारशेच्या वर जागा. महाराष्ट्रात अठ्ठेचाळीसपैकी त्रेचाळीस. आणि आपलं राजापूर? मधू दंडवते! सगळीकडे लाट आणि आपला मतदारसंघ कोरडा. आणि तू घरचा माणूस म्हणालीस ना..."

"तुम्ही म्हणालात."

"तेच ते. दंडवते नगरचे. प्राध्यापक मुंबईत. इथे त्यांचं ना घर ना माड. पण रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या फळीवर गादी घातली त्या माणसाने, आणि कोकण रेल्वेसाठी जन्मभर भांडला. आता बाजारात उभं राहून विचार, प्रत्येक जण सांगेल, मी चौऱ्यांशीला दंडवत्यांना मत दिलं."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काय?"

"तुम्ही कुणाला दिलंत?"

"मत गुप्त असतं, शालू. ते अंगणात पाट्या लावणं तुमच्या मिनेसोटात."

काकी पायरीवरून उठल्या. पदराला हात पुसत गडग्यापाशी आल्या आणि माझ्याकडे बघून, पण काकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "खराखुरा काय तां इचार तेंका. माका म्हायत आसा."

"अगं, तू आत जा," काका म्हणाले.

"ह्येंची डुटी हुती दुसऱ्या गावाक. म्हणान मत टपालान धाडूचा हुता. पाकीट इला घरी. तां पाकीट अजून ट्रंकेत आसा. पंचांगाच्या खाली."

मी टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली. त्या डिसेंबरात कणकवलीच्या खिडकीवर मीच बसत होते. निवडणुकीचं पाकीट आलं की शिक्का मारून, वेगळ्या थैलीत घालून त्याच दिवशी पुढे पाठवायचं, म्हणून जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नव्हती.

"बापूकाका?"

काका उठून काजूच्या झाडाखाली गेले होते. वर बघत म्हणाले, "मोहर यंदा कमीच म्हणायचा, नाही?"

"आणू पाकीट?" काकींनी मला विचारलं.